पोत्यातलं अंगण

मागच्या महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या म्हणून मामाच्या गावाला जाऊन आलो. संगमनेर तालुक्यात. माझा मामेभाऊ बाळूदादा तिथे ब्रॉयलर कोंबड्या वाढवतो, पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे. आधी तो एका कंपनीच्या करारावर होता. म्हणजे पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची झोपमोड दादाची. गेल्या वर्षी त्याने तो करार सोडला. आता पिल्लं आणि खाद्य तो स्वतःच विकत घेतो. नफा झाला तर त्याचा आणि मरतूक झाली तर तीही त्याचीच.

चहा झाला तसं त्याने आतून एक पाकीट आणून माझ्यापुढे टाकलं. "तू इंटरनेटवाला. बघून सांग, हे खरं का खोटं."

पाकिटावर कोंबडीचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रीबायोटिक'. विक्रेत्याचं म्हणणं असं की टनाला एक किलो मिसळा, अँटिबायोटिक बंद करा, पक्षी चांगलं वजन धरेल. दादाची अडचण वेगळी होती. पिल्लं आली की पहिले चार-पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्यायची त्याच्याकडे पद्धत आहे. आजारी असोत-नसोत. "सगळेच देतात. नाही दिलं आणि मर लागली तर?"

हे बोलणं चालू असताना मामा ओसरीवर बसून होते. त्यांना गेल्या पावसाळ्यात लघवीचा संसर्ग झाला होता, आणि पहिल्या दोन गोळ्या लागूच पडल्या नव्हत्या. तपासणीचा तो कागद मी पाहिला होता. औषधांच्या नावांची यादी आणि त्यापुढे 'आर', 'आर', 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जंतूवर चालत नाही. ते दादाच्या शेडमुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाही, तसं म्हणायला काही पुरावा नाही. पण त्या ओसरीवर बसून दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात आल्या, एवढं खरं.

"बघतो," म्हणालो, आणि पुण्याला परत आल्यावर तीन शनिवार त्यातच गेले. सापडलं ते पाकिटापेक्षा बरंच मोठं निघालं. तेच आज लिहितोय.

*

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, डेलावेअर राज्यात, १९२३ साली. सेसिल स्टील नावाची एक बाई घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळायची. तिने ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. आपल्याकडे ऑनलाईन मागवताना एखादं शून्य जास्त पडावं तसं :-) तिने ती परत न करता वाढवली आणि कोवळी असतानाच मांसासाठी विकली. पाऊंडाला ६२ सेंट मिळाले. पुढच्या वर्षी तिने मुद्दाम हजार मागवली. १९२६ साली तिच्याकडे दहा हजार पक्ष्यांची सोय होती. तोपर्यंत कोंबडीचं मांस म्हणजे अंड्याच्या धंद्यातलं उरलंसुरलं होतं. म्हातारी झालेली कोंबडी नाहीतर नको असलेला कोंबडा. फक्त मांसासाठी कोंबडी वाढवायची हा धंदा इथून उभा राहिला.

आता दहा हजार पक्षी अंगणात सोडता येत नाहीत. ते छपराखाली आणावे लागतात. आणि आणले की एकेक गोष्ट बिघडायला लागते.

पहिल्यांदा पाय. हिवाळ्यात आत कोंडलेल्या पिल्लांचे पाय वाकायचे, ती बसूनच राहायची. कारण ऊन नाही. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि खाद्यात कॉड माशाचं तेल घालून हा प्रश्न सुटला. ऊन बाटलीतून आलं.

मग दुसरी भानगड. मासळी, मांसाचा चुरा वगैरे महाग, म्हणून सोयाबीनच्या पेंडीवर पक्षी वाढवायचं ठरलं. प्रथिनं पुरेशी होती, तरी पिल्लं वाढेनात. पण तीच पिल्लं शेणात, विष्ठेत चोची मारू शकत असतील तर बरी वाढत! यावर तेव्हा गंभीरपणे संशोधन झालं. त्या अज्ञात पदार्थाला कुणी 'प्राणिज प्रथिनांतला घटक' म्हणे, तर कुणी सरळ 'शेणातला घटक'. १९४८ साली तो सापडला, तोच ब१२. हे जीवनसत्त्व फक्त जंतू बनवतात. शेणात ते होतं कारण शेणात जंतू होते.

इथे थोडं थांबून बघा काय चाललंय. अंगणातल्या कोंबडीला ऊन फुकट मिळतं, उकिरडा फुकट मिळतो. आपण तिला आत घेतलं आणि अंगणातल्या एकेका वस्तूला पर्याय शोधून तो खाद्याच्या पोत्यात भरायला लागलो. आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. मूळ रचना बदलायची नाही, वरून ठिगळ लावायचं. ड जीवनसत्त्व हे चांगलं ठिगळ होतं, ब१२ सुद्धा. तिसरं मात्र महागात पडलं.

*

न्यूयॉर्क राज्यात पर्ल रिव्हर नावाच्या गावी लेडर्ली नावाची औषध कंपनी होती. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर हे सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ मातीचे नमुने तपासत होते. मिसुरीतल्या एका शेताच्या मातीत त्यांना एक सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव मिळाला आणि त्यापासून ऑरिओमायसिन हे औषध तयार झालं, टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं. १९४८ साली ते जाहीर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. पुढचा प्रकार पाहायला ते नव्हते.

त्याच कंपनीत थॉमस ज्यूक्स कोंबड्यांच्या आहारावर काम करत होता. ब१२ तेव्हा लिव्हरच्या अर्कातून मिळे आणि भयंकर महाग असे. ज्यूक्सला वाटलं, जंतू जर ब१२ बनवत असतील तर ऑरिओमायसिन बनवणारा सूक्ष्मजीवही बनवत असेल, आणि औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा तर आपल्याच कारखान्यात पडून आहे. त्याने तो चोथा पिल्लांना खाऊ घातला. १९४८ चा नाताळचा दिवस. बाकी सगळे सुट्टीवर, म्हणून पिल्लांची वजनं त्याने स्वतःच केली. चोथा खाणारी पिल्लं लिव्हरचा अर्क खाणाऱ्या पिल्लांपेक्षाही जड भरली.

म्हणजे नुसत्या ब१२ चा हा परिणाम नव्हता. चोथ्यात उरलेलं किंचित अँटिबायोटिक पिल्लांना वाढवत होतं. ज्यूक्स आणि त्याचा सहकारी रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांनी हे जाहीर केलं आणि एप्रिल १९५० मध्ये बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. १९५१ साली अमेरिकन सरकारने पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक खाद्यात मिसळायला परवानगी दिली. आजार बरा करायला लागतं त्यापेक्षा कितीतरी कमी, टनामागे मोजके ग्रॅम. इतक्या स्वस्तात वाढ मिळत असेल तर कोण नाही म्हणणार?

पण ते नेमकं करतं काय, हे कुणाला सांगता येत नव्हतं. याचा छडा लावण्यात इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेतल्या मारी कोट्स या बाईंचा मोठा वाटा आहे. मला तर या सगळ्या गोष्टीत त्याच सगळ्यात आवडल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाच्या लक्षात आलं की कोंबड्या वर्षानुवर्षं राहिलेल्या जुन्या खोलीत पेनिसिलिन दिलं तर पिल्लं जास्त वाढतात, पण नव्या, स्वच्छ जागेत दिलं तर फरक पडत नाही. मग १९६३ साली त्यांनी पूर्णपणे जंतुविरहित पेटीत पिल्लं वाढवली. तिथे पेनिसिलिन देऊन काहीही उपयोग झाला नाही, कारण ती पिल्लं औषधाशिवायच भराभर वाढत होती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अँटिबायोटिक वाढ 'देत' नव्हतं. आतड्यातल्या जंतूंमुळे जी वाढ अडत होती, तो अडथळा कमी करत होतं. शेड जितकं घाण, तितकं औषध प्रभावी. उलटून सांगायचं तर, औषध हा स्वच्छतेला शोधलेला स्वस्त पर्याय होता.

*

प्रत्येक वर्कअराउंडचं बिल कधीतरी येतंच. इथे ते हप्त्याहप्त्याने आलं.

१९६९ साली इंग्लंडमध्ये स्वान समितीने सांगितलं, माणसांच्या उपचारात लागणारी अँटिबायोटिक्स वाढीसाठी जनावरांच्या खाद्यात घालू नका. १९७६ साली बॉस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका शेतावरच्या कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य दिलं. एक-दोन आठवड्यांतच कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. काही महिन्यांनी त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही असे जंतू वाढले. शेजाऱ्यांच्या पोटात तसं झालं नव्हतं. त्या माणसांनी औषध घेतलं नव्हतं, फक्त कोंबड्यांच्या जवळ राहत होते.

युरोपात पळवाट निघाली. माणसांना देत नाहीत अशी अँटिबायोटिक्स कोंबडीला द्यायची. त्यातलं एक ॲव्होपार्सिन. पण ॲव्होपार्सिन हे व्हँकोमायसिनचं चुलत भावंड, आणि व्हँकोमायसिन म्हणजे दवाखान्यात बाकीचं काही चालेना की काढायचं औषध. एकाला सरावलेले जंतू दुसऱ्यालाही दाद देईनात. डेन्मार्कने १९९५ साली ॲव्होपार्सिनवर बंदी घातली, युरोपीय संघाने १९९७ साली. स्वीडनने तर १९८६ सालीच वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिक्स बंद केली होती. १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात ती बंद झाली. अमेरिकेत माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांचा वाढीसाठी वापर २०१७ च्या सुरुवातीपासून थांबला.

आपल्याकडे? २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने राजधानी परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांमध्ये अँटिबायोटिकचे अंश सापडले. आणि कोलिस्टिन हे तर अगदी शेवटच्या फळीतलं औषध, अतिदक्षता विभागातलं. तेही पोल्ट्रीत सर्रास वापरलं जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि खाद्यात त्याच्या वापरावर बंदी घातली.

आता प्रश्न असा की बंदी आल्यावर झालं काय? डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये कायद्याची वाट न बघता स्वतःहूनच ही औषधं सोडली. नंतर त्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एक किलो वजन वाढवायला किती किलो खाद्य लागतं, या आकड्याला पोल्ट्रीत एफसीआर म्हणतात. तो वाढला ०.०१६ ने. म्हणजे किलोमागे १६ ग्रॅम खाद्य जास्त. बस्स. मरतूक वाढली नाही, शेडमागे मिळणारं मांस कमी झालं नाही. ज्यासाठी एवढा पन्नास वर्षांचा खटाटोप, त्याची किंमत सोळा ग्रॅम.

पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, आतड्यातल्या रक्ती हगवणीच्या परजीवीवर जी आयोनोफोर नावाची औषधं देतात ती डेन्मार्कमध्ये चालूच राहिली, आणि त्यांचा काही जंतूंवरही परिणाम होतो. दोन, डुकरांच्या बाबतीत एवढं सोपं गेलं नाही. आईपासून तोडलेल्या पिल्लांना हगवण लागायला लागली आणि उपचारासाठीची औषधं वाढली.

'आईपासून तोडलेली' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

*

१९७१ साली फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. तिथले एस्को नुर्मी विचार करत बसले की एक-दोन दिवसांच्या पिल्लाला थोड्याशा जंतूंनीही लागण होते, पण मोठ्या कोंबडीला होत नाही, हे कसं? कोंबडीच्या आतड्यात आधीच लाखो-करोडो जंतू जागा धरून बसलेले असतात, नव्याला शिरायला वाव नाही. लोकलमध्ये डोंबिवलीला चढायचा प्रयत्न करून बघा, म्हणजे समजेल. पिल्लाचं आतडं मात्र रिकामा डबा.

अंगणात हा डबा फार वेळ रिकामा राहत नाही. पिल्लू आईच्या पंखाखाली अंड्यातून बाहेर येतं, तिच्या पिसांना, विष्ठेला, मातीला चोची मारतं, आणि तिचे जंतू त्याच्या पोटात जातात. उबवणी यंत्रात हे होत नाही. अंडी धुवून-निर्जंतुक करून यंत्रात जातात, पिल्लं ट्रेमध्ये जन्मतात, खोक्यातून शेडवर येतात. आई त्यांना कधी दिसतच नाही.

नुर्मी आणि रांटाला यांनी मग सरळ मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला. पिल्लांना साल्मोनेलाची लागण होईना. १९७३ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. ऐकायला किळसवाणं आहे, पण त्यांनी फक्त खुडूक कोंबडीचं काम हाताने केलं होतं. पुढे या कल्पनेवर फिनलंडमध्ये बाजारात तयार औषधही आलं.

ऊन गेलं, उकिरडा गेला, आणि आईही गेली. पहिल्या दोन वस्तू पोत्यात भरता आल्या. तिसरीच्या जागी आपण अँटिबायोटिक भरलं होतं. रिकाम्या डब्यात चांगले प्रवासी बसवण्याऐवजी येईल त्याला काठीने हाकलायचं.

प्रीबायोटिक या शब्दाचा अर्थ मला इथे कळला. शब्द तसा नवा, गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली बनवलेला, आणि तोही माणसांच्या आहाराबद्दल. जपानात मात्र १९८० च्या दशकापासून फ्रुक्टो-ओलिगोसॅकराईड नावाच्या शर्करांवर काम चालू होतं. कल्पना अशी की ज्याला पचवता येत नाही असं काहीतरी खायला द्यायचं. कोंबडीला ते पचत नाही, तसंच पुढे सरकतं, आणि आतड्याच्या शेवटी ज्या दोन बंद पिशव्या असतात तिथे पोचतं. तिथल्या चांगल्या जंतूंना ते आवडतं. ते वाढतात, आम्लं तयार करतात, ती आम्लं वाईट जंतूंना मानवत नाहीत आणि आतड्याच्या पेशींना मात्र पोसतात. कांदा, लसूण, चिकोरी यांच्यात असल्या शर्करा असतात.

दुसरा प्रकार जास्त मजेदार आहे, आणि दादाच्या पाकिटात तोच होता. यीस्टच्या पेशीच्या भिंतीपासून काढलेला, मॅनन-ओलिगोसॅकराईड. साल्मोनेला आणि ई-कोलाय हे जंतू बारीक केसांसारख्या हातांनी आतड्याच्या भिंतीवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला धरतात. १९८९ साली टेक्सासच्या संशोधकांनी दाखवलं की पिल्लांना पाण्यातून मॅनोज दिलं तर साल्मोनेला कमी चिकटतो. जंतू भिंतीऐवजी पाण्यातल्या साखरेलाच धरून बसतो आणि बाहेर निघून जातो. शुद्ध मॅनोज महाग. यीस्टच्या भिंतीत ते भरपूर असतं आणि यीस्ट स्वस्त. दारू गाळायचं शास्त्र शिकलेल्या पीअर्स लायन्स या आयरिश माणसाच्या ऑलटेक कंपनीने १९९० च्या दशकात हे बाजारात आणलं.

जंतू मारले जात नाहीत, त्यामुळे जो वाचला तो औषधाला सरावलेला, अशी निवडही होत नाही. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटली.

*

मग पक्षी वाढतो का? दादाचा प्रश्न तोच होता.

आधी एक आकडा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ च्या, १९७८ च्या आणि २००५ च्या जातींचे पक्षी एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. ५६ दिवसांनी वजनं अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच! म्हणजे आजच्या ब्रॉयलरची वाढ ही मुख्यतः पैदाशीची करामत आहे. पोत्यातली कुठलीही पावडर त्या पातळीवरची गोष्ट नाही. "पावडरने कोंबडी दुप्पट" असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावा.

मॅनन-ओलिगोसॅकराईडच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर वजनात आणि एफसीआरमध्ये सरासरी साधारण दीड-दोन टक्क्यांचा फायदा दिसतो. पण सरासरीत. एकेक चाचणी घेतली तर कधी बरा फायदा, कधी शून्य. वाचताना आधी वैताग आला. मग कोट्सबाई आठवल्या. विद्यापीठाच्या चकचकीत शेडमध्ये, नव्या तुसावर, मोजके पक्षी ठेवून चाचणी केली तर फरक कुठून दिसणार? अडथळाच नाही तर तो काढणार काय?

मी दादासाठी हिशोब मांडला. पाच हजार पक्षी, सव्वादोन किलोच्या आसपास वजन, एफसीआर १.६ च्या जवळ. म्हणजे एका लॉटला साधारण १७ टन खाद्य. किलोला ४० रुपये धरू. पावडर टनाला एक किलो, म्हणजे १७ किलो. ती ३०० रुपये किलो धरली तर खर्च ५,१०० रुपये. दोन टक्के खाद्य वाचलं तर ३४० किलो, म्हणजे १३,६०० रुपये. साडेआठ हजार खिशात. अर्धाच टक्का वाचलं तर ८५ किलो, ३,४०० रुपये. सतराशे रुपये खड्ड्यात. पाऊण टक्क्याला हिशोब बरोबरीत सुटतो.

आता दादाला कसं कळणार की त्याच्या शेडवर पाऊण टक्क्याच्या वर मिळतंय की खाली? त्याची वही बघितली. मागच्या सहा लॉटचा एफसीआर १.५५ ते १.७५ च्या मध्ये कुठेही. एप्रिलचा उन्हाळा, पिल्लांचा दर्जा, एकदा तीन दिवस गेलेली वीज. लॉटालॉटांत बारा टक्क्यांचा फरक असताना दोन टक्क्यांची पावडर त्यात दिसणारच नाही. एक लॉट पावडरचा आणि एक बिनपावडरचा करून तो काहीही सिद्ध करू शकत नाही. आणि विक्रेत्यालाही हे पक्कं माहीत असतं.

मी फोनवर सुचवलं, शेडमध्ये जाळ्या लावून दहा कप्पे कर, चिठ्ठ्या टाकून पाचांना पावडर दे...

"आरं, मी पक्षी सांभाळू का तुझं कॉलेज चालवू?"

बरोबर आहे त्याचं. वेबसाईटवरचं बटण हिरवं का निळं हे ठरवायला आमच्याकडे लाखो लोकांवर चाचणी होते. दादाकडे एक शेड, वर्षाला सहा लॉट, आणि प्रत्येक लॉटला बँकेचा हप्ता. विज्ञानात दोन टक्के म्हणजे चांगला निकाल असतो. दादासाठी ते न दिसणारं काहीतरी असतं, ज्याच्यावर त्याने विश्वास ठेवायचा किंवा नाही. अँटिबायोटिकचा जम एवढा का बसला याचं उत्तरही मला इथेच मिळालं. फायदा सिद्ध झाला म्हणून नाही, तर बंद करून बघायचा धोका एकट्याने घ्यायचा असतो म्हणून. डेन्मार्कमध्ये सगळ्यांनी एकत्र घेतला.

शेवटी मी त्याला एवढंच सांगितलं. पावडर खोटी नाही, पण ती तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. आधी दोन लॉटमध्ये पंधरा दिवस शेड रिकामं ठेव, जुनं तूस पूर्ण काढ, चुना मार, पाण्याच्या नळ्या आतून धू. मग सुरुवातीचं अँटिबायोटिक, ते पशुवैद्याला विचारून बंद करता येतं का बघ. आणि हे सगळं केल्यावर पैसे उरले तर पावडर.

*

निघायच्या दिवशी सकाळी मामीची गावरान कोंबडी आठ-दहा पिल्लं घेऊन गोठ्यामागच्या उकिरड्यावर उकरत होती. तिचं चालू होतं ते पाहिलं तेव्हा साधंच वाटलं होतं. आता लिहिताना वाटतं, नुर्मी, कोट्स, ज्यूक्स सगळे तिथेच उभे होते. फुकट.

पण लगेच "जुनं ते सोनं" म्हणायला जाऊ नका. ती पिल्लं दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने लागतील, आणि त्यातली तीन मांजर आणि घारच नेतील. पुण्या-मुंबईत आपण रविवारी जे चिकन आणतो ते अशा उकिरड्यांवर वाढवता येणार नाही. मामीसुद्धा खायला गावरान करते आणि विकायला ब्रॉयलर, हे तिच्याच तोंडून ऐकलंय. अंगण पोत्यात भरावंच लागणार आहे. फक्त भरताना आत काय घालतोय आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतंय, एवढं बघायला हवं.

परवा दादाचा फोन आला. नवीन लॉट टाकलाय. पंधरा दिवस शेड रिकामं ठेवलं, चुना मारला, डॉक्टरांशी बोलून सुरुवातीचं अँटिबायोटिक दिलं नाही, आणि पावडरही टाकली.

"अरे दादा, एका वेळी एकच बदल करायचा असतो! आता कशामुळे काय झालं ते कसं कळणार?"

"कळून काय करायचंय? पहिल्या आठवड्यात किती मेली विचार."

"किती?"

"चाळीस."

"आणि एरवी?"

"चाळीसच असतात."

एका लॉटवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. तरी फोन ठेवल्यावर बरं वाटलं.